पोरांना घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न सोलापुरात पडतोच कसा?

सातरस्ता
काल इथं कुणीतरी लिहिलं: "सोलापुरात लहान मुलांना न्यायला देवळांशिवाय आहे काय? आम्ही महिन्यातून एकदा सरळ पुणं गाठतो." त्याला धडाधड अंगठे. रात्री वाचलं, डोकं तापलं, म्हणून लिहितोय.

अडीचशे किलोमीटर. पहाटे उठवून पोरं गाडीत कोंबायची, इंदापूरपर्यंत दोनदा ओकणार, तिथं मॉलच्या सरकत्या जिन्यावर वर-खाली करायचं आणि रात्री बाराला परत. ह्याला सहल म्हणायचं?

परवा मी दोघांना (वय ९ आणि ६) हत्तरसंग कुडलला नेलं. भीमा-सीनेचा संगम. हरिहरेश्वराच्या देवळातल्या बहुमुखी शिवलिंगावर ३५९ मुखं आहेत. धाकटी मोजायला बसली, चाळीसला अडली आणि म्हणाली, "बाबा, हे सगळे माझ्याकडंच बघलालेत." मोठा शिलालेखापाशी थांबला. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. अक्षर लागेना, तरी बोट फिरवत बसला. खर्च काय, तर पेट्रोल आणि चुरमुरे.

जुळे_सोलापूरची_आई
ती पोस्ट माझी होती. "कुणीतरी" नाही.

कुडलला सहा वर्षांच्या मुलीला लघवीला कुठं नेलंत, ते तेवढं लिहायचं राहिलं. का ते काम वहिनींनी केलं? मागच्या एप्रिलमध्ये मीही हौसेनं लेकाला भुईकोट किल्ल्यात नेलं होतं. अकरा वाजता घोळणा फुटला त्याचा. रुमाल, माझी ओढणी, सगळं लाल. सावलीला बसवलं, तर बाटलीतलं पाणी चहासारखं गरम. त्रेचाळीस डिग्रीत इतिहास शिकवायचा असेल तर तुम्ही शिकवा. मी पुण्याला सरकत्या जिन्यासाठी जात नाही, स्वच्छ संडास आणि गार हवेसाठी जाते. बाई होऊन बघा एक दिवस.

आणि हजार वर्षांच्या शिलालेखावर पोराला बोट फिरवू देता? वा.

होटगी_नाका
एप्रिलमध्ये किल्ल्यात अकराला कोण जातं बे? आपल्याकडं उन्हाळ्यात सहल म्हणजे सहा ते नऊ, नाहीतर घरीच बसा. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात जावा. बोरी नदी भरली की नर-मादी धबधबे, खाली बांधाच्या पोटात पाणीमहाल. आत उभं राहायचं आणि डोक्यावरून पाणी जातंय, पोरं गप्प होतात. उपळी बुरूज मात्र कडेवर पोर घेऊन चढू नका, मी चढलो, दोन दिवस मांड्या धरल्या होत्या. ऊन असलं तर पुणे रस्त्याला विज्ञान केंद्र आहे.

आणि नान्नजच्या अभयारण्यात माळढोक पक्षी दाखवा. जवळ आहे.

जुळे_सोलापूरची_आई
नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात आहे. म्हणजे सोलापुरात काही नाही, हेच ना?

वडाळ्याचा
माळढोक दाखवा म्हणे! आमच्या सातबाऱ्यावर दाखवा, तिथं दिसतो.

१९७९ ला अभयारण्य केलं, ८,४९६ चौरस किलोमीटर. नकाशावर कुणी डोळे झाकून रेघ ओढली काय की. गावंच्या गावं आत. नंतर १,२२२ वर आणलं, पण तोवर आमची एक पिढी गेली. बहिणीच्या लग्नाला बापानं दोन एकर विकायला काढलं, तर जमीन अभयारण्यात म्हणून कागद ह्या टेबलावरून त्या टेबलावर तीन वर्षं. शेवटी सावकार. आणि शहरातली माणसं दुर्बीण घेऊन येतात, "किती शांत वाटतं हो इथं." वाटणारच.

माळरान
तुमच्या बहिणीच्या लग्नाचं वाईट वाटलं, खरंच. पण पक्ष्यानं तुमची जमीन अडवली नाही, रेघ ओढणाऱ्यानं अडवली. पक्षी दहा-पंधरा किलोचा, समोरचं त्याला नीट दिसत नाही, तारांवर जाऊन आदळतो. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. गवत नांगरून ऊस लावल्यावर ती घालणार कुठं? कॉलेजात असताना मी नान्नजला नराचं नाचणं बघितलंय, गळ्याची पिशवी फुगवून. आता लेकीला नेतो तर ती बोर्डावरचं चित्र बघते.

वडाळ्याचा
ऊस आम्ही लावला, मान्य. त्या साखरेचा चहा पिऊनच तुम्ही हे टाइप करलालाव. आणि मेला एक माळढोक की पेपरात फोटो. आमच्याकडं माणूस मेला की चौकटीत चार ओळी, त्याही पैसे भरून.

माळरान
हे बोलणं बरं नाही.

वडाळ्याचा
मग तुम्हीच बरं बोला.

सातरस्ता
अहो, विषय पोरांचा होता!

दत्त_चौकातली_आजी
भांडा बाबांनो. आमच्या पोरांना वर्षाची सहल म्हणजे गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा. संक्रांतीला होम मैदानावर पाळणे, खांद्यावर बसून नंदीध्वज बघायचे, येताना हातात एक भिरभिरं. आमचे हे गिरणीत होते, पगार झाला तरच दुसरा पाळणा. परवा नातू पुण्याहून आला. "आजी, इथं बोअर होतं." पूर्व भागात ओळखीच्या कारखान्यात नेला, यंत्रमागावर चादर निघताना बघायला. कानांवर हात ठेवून तासभर उभा, हलायला तयार नाही. मालकानं काठाचा तुकडा दिला, तो उशाशी घेऊन झोपला. तिकीट नाही, काही नाही. संडास मात्र त्या कारखान्यातलाच वापरला, तो कसा होता ते विचारू नका. ती जुळे सोलापूरची सूनबाई म्हणते त्यात तथ्य आहे.

सातरस्ता
आजींपुढं काय बोलणार. होय, कुडलला बायकोच गेली होती तिला घेऊन. परत आल्यावर गाडीत माझ्याशी बोलत नव्हती, ते मी लिहिलं नाही. बोट फिरवण्याबद्दल पोराला आता सांगितलंय.

जुळे_सोलापूरची_आई
आलात ना जमिनीवर. बरं, पुढच्या रविवारी बघते कुडल. सातला निघायचं, अकराच्या आत घरी. पण वहिनींना विचारून सांगा आडोसा कुठं होता. तुम्ही नका सांगू, त्यांनाच लिहू द्या.

होटगी_नाका
म्हणजे पुणं रद्द?

जुळे_सोलापूरची_आई
एका महिन्यापुरतं.

वडाळ्याचा
नान्नजकडं आलाव तर काळवीट हमखास दिसतील. आमच्या हरभऱ्यात. फुकट.