आयल्ट्स रायटिंग: काळांची सरमिसळ नेमकी कशी थांबवायची?

रानजाई

आयल्ट्स अ‍ॅकॅडमिक देणार आहे. परदेशी शिक्षणासाठी लागणारी ही इंग्रजीची परीक्षा. तिच्यातल्या रायटिंगची गाडी ६ गुणांवर अडली आहे, ७ हवेत. तपासून आलेल्या प्रत्येक सराव पेपरवर एकच शेरा असतो: काळांची सरमिसळ. रिकाम्या जागा भरायला दिल्या तर चुकत नाहीत, सलग लिहायला बसलं की चुकतात. टास्क १ (आलेख, नकाशा किंवा प्रक्रियेचं वर्णन) मधला एक तुकडा देते:

‘द ग्राफ शोड द नंबर ऑफ टूरिस्ट्स बिटवीन १९९५ अँड २०१५. इन १९९५ द नंबर इज टेन मिलियन. इट हॅज इन्क्रीज्ड टू ट्वेंटी मिलियन इन २००५ अँड इट हॅड रीच्ड थर्टी मिलियन इन २०१५.’

यात काय काय चुकलंय आणि मुख्य म्हणजे का चुकतंय, कुणी नीट सांगेल का?

अक्षरवेल

चारही क्रियापदं चुकली आहेत, पण प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. म्हणून एकेक घेऊ.

‘शोड’ नको, ‘शोज’ हवं. आकडे जुने असले तरी आलेख आत्ता समोर आहे. पहिलं वाक्य आलेखाबद्दलचं, म्हणून वर्तमानकाळ. दुसऱ्या वाक्यापासून तुम्ही आकड्यांबद्दल बोलता आणि ते २०१५ ला संपले, म्हणून ‘इज’ऐवजी ‘वॉज’.

‘हॅज इन्क्रीज्ड इन २००५’ ही चूक परीक्षकाला लगेच खटकते. प्रेझेंट परफेक्टच्या, म्हणजे ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ लागणाऱ्या काळाच्या वाक्यात संपलेल्या काळाचा ठरावीक क्षण येऊच शकत नाही. ‘इन २००५’, ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘टू इयर्स अगो’ यांतलं काहीही दिसलं की ‘हॅज’ आणि ‘हॅव’ बाद. तिथे ‘रोज टू ट्वेंटी मिलियन’ असा सरळ सिंपल पास्ट, म्हणजे साधा भूतकाळ (‘रोज’ हे ‘राइज’चं भूतकाळी रूप).

‘हॅड रीच्ड’ला भूतकाळातलाच दुसरा टप्पा लागतो, ज्याच्या आधी ही गोष्ट झालेली असते. तुमच्या वाक्यात २०१५ नंतर काहीच नाही, मग ‘हॅड’ कशाच्या आधीचं? ‘रीच्ड’ पुरे. उलट ‘बाय २००५ द फिगर हॅड डबल्ड’ हे बरोबर, कारण ‘बाय २००५’ने तो टप्पा ठरवून दिला.

आता का चुकतं ते. मराठीत ‘मी काल नाशिकला गेले होते’ हे रोजचं वाक्य. त्यात ‘कशाच्या आधी’ असा प्रश्नच नसतो. पण इंग्रजीत त्याचं ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे’ होतं. ‘मी २०१९ मध्ये डिग्री पूर्ण केली आहे’ हे आपल्याकडे बिनचूक, इंग्रजीत ‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०१९’ चूक. ‘पाच वर्षांपासून पुण्यात राहतेय’ मधला ‘राहतेय’ थेट ‘अ‍ॅम लिव्हिंग’ होतो आणि ‘पासून’चं ‘सिन्स’ होतं. हवं असतं ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स’ फक्त सुरुवातीच्या क्षणासाठी (‘सिन्स २०१९’), कालावधी मोजून सांगायचा असेल तर ‘फॉर’.

रिकाम्या जागांमध्ये वाक्य आधीच इंग्रजीत तयार असतं, म्हणून तुमचं चुकत नाही. लिहिताना वाक्य मराठीत जुळतं आणि क्रियापद आपलं मराठी शेपूट घेऊनच इंग्रजीत उतरतं. म्हणून ‘होते’, ‘आहे’, ‘तेय’ या शेपटांकडे बघून काळ ठरवायचाच नाही. आधी वाक्यातला वेळ सांगणारा शब्द ठरवा, तो कागदावर टाका, मग क्रियापद लिहा. सुरुवातीचे काही निबंध मुद्दाम असेच लिहा: वेळेचा शब्द वाक्याच्या तोंडाशी, क्रियापद त्याच्या मागून.

रोखठोक

एवढं कशाला? टास्क १ पूर्ण सिंपल पास्टमध्ये आणि टास्क २ (निबंध) पूर्ण सिंपल प्रेझेंटमध्ये लिहायचं. चुकायला जागाच राहत नाही.

सह्यकडा

असहमत. व्याकरणाच्या निकषात अचूकता आणि वैविध्य दोन्ही बघतात आणि रायटिंगच्या गुणांत त्या निकषाचा वाटा चौथा हिस्सा आहे. एकाच काळात कोंडून घेतलं तर चुका कमी होतील, पण वैविध्यात मार बसेल. शिवाय टास्क १ मध्ये दर वेळी जुन्या सालांचा आलेखच येतो असं नाही.

साल दिलेलंच नसेल तर साधा वर्तमानकाळ. काच, सिमेंट, कागद कसा बनतो अशी प्रक्रिया असेल तर वर्तमानकाळी कर्मणी: ‘द क्ले इज हीटेड’, ‘द मिक्स्चर इज देन पोर्ड’. तिथे ‘वॉज हीटेड’ लिहिलं तर तो प्रकार एकदाच घडला असा अर्थ होतो. पावसाचं चक्र, बेडकाची वाढ अशा नैसर्गिक प्रक्रियांत कर्ता स्वतःच क्रिया करतो, म्हणून बरीच वाक्यं कर्तरी: ‘वॉटर इव्हॅपोरेट्स’.

नकाशांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एक नकाशा जुना आणि दुसरा आजचा असेल तर ‘द फार्मलँड हॅज बीन रिप्लेस्ड बाय अ कार पार्क’. दोन्ही नकाशे जुन्या सालांचे, समजा १९८० आणि २०००, तर ‘वॉज रिप्लेस्ड’. हे एका नजरेत ठरतं, फक्त लिहायला घेण्याआधी नकाशांवरची सालं बघायला हवीत.

आलेख २०४० पर्यंत जात असेल तर आजच्या जागी पेन्सिलने उभी रेघ मारा. रेघेच्या डावीकडे भूतकाळ, उजवीकडे ‘इज प्रोजेक्टेड टू राइज’ किंवा ‘इज एक्स्पेक्टेड टू फॉल’. नुसतं ‘विल राइज’ व्याकरणाने चुकत नाही, पण तो अंदाज आहे हे त्यातून कळत नाही. ‘बाय २०४०’ आलं तर ‘विल हॅव रीच्ड’ वापरता येतं. ते एकदाच आणि योग्य जागी आलं तर छान दिसतं.

रानजाई

दोघांचे मनापासून आभार, रोखठोक यांचेही. नकाशांचं गणित आज पहिल्यांदा स्पष्ट झालं. टास्क २ मध्ये ‘इफ’ची वाक्यं हमखास लाल होतात, त्याबद्दल सांगाल का? आणि शेवटी तपासायला वेळ किती ठेवू?

अक्षरवेल

‘इफ’मध्ये मराठी दोन बाजूंनी घात करते. ‘सरकारने खर्च केला तर फायदा होईल’ यातलं ‘केला’ दिसायला भूतकाळी, म्हणून ‘इफ द गव्हर्नमेंट स्पेंट मोअर, पीपल विल बेनिफिट’ असं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं वाक्य होतं. ‘जर सरकार खर्च करेल’ असं मनात आलं तर ‘इफ द गव्हर्नमेंट विल स्पेंड’ होतं. दोन्ही चूक. शक्य वाटणारी गोष्ट असेल तर ‘इफ’च्या भागात साधा वर्तमान आणि पुढे ‘विल’: ‘इफ द गव्हर्नमेंट स्पेंड्स मोअर, पीपल विल बेनिफिट’. निव्वळ कल्पना असेल तर ‘स्पेंट’ आणि ‘वुड’. जोड्या ठरलेल्या आहेत, अदलाबदल नको. ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ भविष्याबद्दल असतील तर त्यांच्या भागातही ‘विल’ घालायचं नाही.

बाकी टास्क २ चा कणा साधा वर्तमानकाळच. ‘ओव्हर द लास्ट टू डिकेड्स’ किंवा ‘इन रीसेंट इयर्स’ने वाक्य सुरू केलं तर मात्र ‘हॅज’ किंवा ‘हॅव’ लागतं. प्रस्तावनेत हे शब्द फार येतात आणि तिथेच ‘आर इन्क्रीजिंग’ लिहिलं जातं.

वेळेचं म्हणाल तर एकूण ६० मिनिटं. टास्क १ ला २० मिनिटांत किमान १५० शब्द, टास्क २ ला ४० मिनिटांत किमान २५०, आणि टास्क २ चं वजन दुप्पट. टास्क १ ला शेवटची दोन मिनिटं, टास्क २ ला चार मिनिटं तपासणीसाठी ठेवा. त्या मिनिटांत अर्थ वाचू नका, फक्त क्रियापदांवर बोट ठेवत जा, तेही शेवटच्या वाक्याकडून पहिल्याकडे. क्रमाने वाचलं की डोळा मजकुरात रमतो आणि चूक निसटते. प्रत्येक क्रियापदाला तीन प्रश्न: वेळेचा शब्द कोणता? वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर ‘एस’ लागला का? ‘डिड’ किंवा ‘डिडन्ट’च्या मागे मूळ रूप आहे ना? ‘डिडन्ट वेंट’ घाईत चांगल्या चांगल्यांकडून सुटतं.

तिसरी घंटा

मूळ प्रश्न रायटिंगचा आहे, पण याच चुका स्पीकिंगमध्येही गुण खातात म्हणून भर घालतो.

स्पीकिंगच्या पार्ट २ मध्ये कार्डावरच्या विषयावर एकट्याने बोलायचं असतं. कार्ड हातात पडल्यावर तयारीला एक मिनिट मिळतं. मुद्दे लिहिताना शब्दांसोबत काळही लिहा. एकाच कार्डावर ‘ती व्यक्ती कोण आहे’, ‘पहिल्यांदा कधी भेटलात’ आणि ‘ती का आवडते’ असे उपप्रश्न असतात. पहिल्या आणि तिसऱ्याला वर्तमान, मधल्याला भूत. भूतकाळात शिरलेला माणूस तिसऱ्या प्रश्नातही तिथेच राहतो आणि हयात मित्राबद्दल ‘ही वॉज व्हेरी काइंड’ बोलून जातो.

लहानपणीच्या सवयी सांगताना ‘आम्ही नदीवर जायचो’चं ‘वी वेअर गोइंग’ करू नका, ‘वी यूज्ड टू गो’ म्हणा. एकदा ‘यूज्ड टू’ येऊन गेलं की पुढच्या सवयींना ‘वुड’ चालतं: ‘वी वुड स्विम फॉर अवर्स’. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘आय अ‍ॅम नोइंग’ यांतलं ‘इंग’ काढून टाका. मालकी, माहिती, आवड दाखवणारी क्रियापदं तिथे साध्या रूपातच येतात.

आणि भूतकाळी क्रियापदाच्या शेवटी येणाऱ्या ‘ईडी’चा उच्चार. तो गिळला की व्याकरण येत असूनही परीक्षकाला ‘वर्क’ एवढंच ऐकू येतं आणि काळ चुकला असं वाटतं. उच्चार तीन आहेत: ‘वर्क’, ‘स्टॉप’, ‘वॉश’च्या मागे ट् (वर्क्ट, स्टॉप्ट), ‘लिव्ह’, ‘प्ले’, ‘कॉल’च्या मागे ड् (लिव्ह्ड, प्लेड), आणि मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड चा उच्चार असेल तरच इड् (वॉन्टिड, नीडिड). सराव एकेकट्या शब्दाचा न करता पुढे स्वर असलेल्या शब्दाबरोबर करा: ‘वर्क्ट इन अ बँक’, ‘लिव्ह्ड इन अ हॉस्टेल’. पुढच्या स्वराला तो ट् किंवा ड् जोडला जातो आणि वेगात बोलतानाही ऐकू येतो.