दोन वॅक्सिंगच्या मधे रेझर नकोच, आणि स्क्रबसाठी टॉवेल पुरतो

वर एकीने विचारलंय की वॅक्सिंगनंतर दहा-बारा दिवसांत केस दिसायला लागतात, तर मधे एकदा रेझर फिरवला तर काय बिघडतं? बिघडतं. एवढ्या लवकर दिसणारे केस बहुतेक नव्याने उगवलेले नसतातच. सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत, त्यामुळे वॅक्सिंगच्या दिवशी हे कातडीखालीच होते. रेझरने ते फक्त वरून कापले जातात आणि पुढच्या वेळी आखूड राहतात. वॅक्सला पकडायला साधारण ५ ते ६ मिमी लांबी लागते. थोडा धीर धरा, चार ते सहा आठवड्यांनी बहुतेक केस एकदम निघतील.

केस कातडीत अडकू नयेत म्हणून वॅक्सिंगनंतर स्क्रब करा असंही वर कुणीतरी म्हटलंय; ते पटलं, पण दुसऱ्याच दिवशी नको, कातडी हुळहुळलेली असते. आपल्या सोलापुरात तर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, घामाने आणखी चुरचुरतं. दोन-तीन दिवस सैल सुती कपडे घाला. मग स्क्रबची महागडी ट्यूब कशाला, घरातला जुना सोलापुरी टॉवेल घ्या. नवा नको, त्याचे फासे खरखरीत असतात. धुवून धुवून मऊ झालेला हवा. कोमट पाण्यात पिळून नडगीवर आणि मांडीच्या मागे हलक्या हाताने गोल फिरवा, आठवड्यातून दोनदा. बोअरच्या जड पाण्याने कातडी फार कोरडी पडते, म्हणून अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. आणि पुळीत अडकलेला केस नखाने उकरू नका, मागे राहिलेला काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही.