आईला पोर्तुगालमधला कोळीवाडा दाखवायचाय, नाझारे की आणखी कुठे?

अर्नाळकर७१:
मे महिन्यात बहिणीकडे लिस्बनला जातोय, सोबत आई (वय ६८). आईने चाळीस वर्षं बाजारात मासळी विकली. चर्च-किल्ले तिला नकोत, ‘तिकडच्या आपल्यासारख्या बायका’ बघायच्यात. सगळे नाझारे सांगतात, पण व्हिडिओत नुसत्या राक्षसी लाटा. मासळीवाल्या खरंच आहेत का? तिचे गुडघे दुखतात, चढण नको.

सुकट_चटणी:
नाझारेच. लिस्बनहून बसने दोनेक तास. त्या लाटा ऑक्टोबर ते मार्चच्या, त्याही पलीकडच्या उत्तर किनाऱ्यावर. मेमध्ये त्यांची वाट बघू नका.

मी सासूबाईंना नेलं होतं. किनाऱ्यालगत लाकडी चौकटींवर जाळी ताणलेली आणि त्यावर करापाउ वाळत घातलेले. हा मासा दिसायला बांगड्यासारखा. पोटातून चिरून, पुस्तकासारखा उघडून, खारवून उन्हात ठेवतात. सासूबाई म्हणाल्या, “आपण बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टांगतो, हिने उताणे झोपवलेत!” मग न विचारता एकाला अंगठा दाबून बघितला आणि मान हलवली. विकणारीने काही न बोलता मागच्या चौकटीवरचा कडक वाळलेला काढून दिला. मी मध्ये दुभाषी म्हणून उभी होते, कोणाला गरजच पडली नाही.

तिथल्या बायका एकावर एक सात परकर घालतात, ही गोष्ट ऐकाल. तसा पेहराव रोज करणाऱ्या आता बहुतेक वयस्कर बायकाच. त्यातल्या काही मासे नाही, ‘खोली भाड्याने’ अशी पाटी घेऊन रस्त्यावर बसतात! वरच्या सितियो भागात जायला १८८९ पासूनची फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) आहे, गुडघ्यांची काळजी नको.

रापणकर_मालवण:
तिथल्या ‘आर्ते शावेगा’ची चौकशी करून जा. हुबेहूब आमची रापण: होडीने जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची. पूर्वी बैल लावायचे. १९८० च्या दशकात बंदर झालं, त्याआधी होड्यासुद्धा वाळूवरच ओढून घेत. आता हे बरंचसं हौशी प्रात्यक्षिक, तेही ठरलेल्या दिवशी. खरा धंदा बंदरात. पण दोरीला हात लावू देतात का बघा, आईंना आवडेल.

अर्नाळकर७१:
आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणते, “चिरून वाळवलेल्याला काय चव!” पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून हाक: “भाव काय लावला होता, विचार तिला.”