अनुभव धागा : उन्हाळ्यातल्या दिवसभराच्या गाण्याला जाताना तुम्ही काय तयारी करता?

टिळकवाडी, बेळगाव

एप्रिल-मे आला की आपल्या भागात कुठे ना कुठे सकाळपासून रात्रीपर्यंत चालणारी गाण्याची सभा असतेच. कधी नाट्यगृहात, कधी देवळाच्या आवारात मंडप घालून. मी या सभांना आवर्जून जाते, आणि त्याचं कारण दुपार आहे. संध्याकाळच्या मैफिली वर्षभर होतात, त्यात यमन, पूरिया, बागेश्री पुन्हा पुन्हा कानावर पडतात. वृंदावनी सारंग, गौड सारंग, भीमपलास, मुलतानी हे दुपारचे राग त्यांच्या वेळेला समोर बसून ऐकायचे, तर दिवसभराची सभाच गाठावी लागते. आणि नेमका तेव्हाच, बारा ते चारच्या दरम्यान, अर्धा मंडप रिकामा होतो. कुणाला उकाडा सोसवत नाही, कुणाची पाठ धरते, कुणी जेवायला म्हणून घरी जातं ते सहा वाजताच उगवतं. समोर सारंग चाललेला असताना रिकाम्या सतरंज्या बघून मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझी सगळी तयारी दुपारसाठी. डब्यात दही-भात. भात कालवताना दही कमी आणि दूध जास्त घालायचं, म्हणजे दुपारी एकला उघडला तरी आंबट होत नाही. वरून जिरं-मिरचीची फोडणी, जोडीला काकडी आणि कैरीची फोड. तळलेलं काही नको, डोळे मिटायला लागतात. स्टीलच्या बाटलीत पातळ ताक, मीठ जरा चढं. डबा सुती पंचात बांधून नेते, कारण झाकण काढताना आवाज होऊ नये. प्लास्टिकची पिशवी तर अजिबात नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात गवई समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघालेला असताना शेजारी चुरमुऱ्याची पिशवी कुरकुरली, की तालाच्या त्या फेरीचा रंग गेलाच.

तुम्हीही लिहा. गाणारे, वाजवणारे, मंडपात राबणारे, पोरंबाळं घेऊन येणारे, सगळ्यांनी.

खानापूर

मी लेकीला घेऊन येते, चार वर्षांची आहे. आधार कार्ड पर्समध्ये असतंच, बसला झिरो तिकीट. कर्नाटकातली बायकांना मोफत बसप्रवासाची शक्ती योजना जून २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून आमच्या गावाकडच्या बायकांचं बेळगावला गाण्याला येणं खरोखर वाढलंय. आधी जाण्यायेण्याच्या पैशांपाशीच बेत मोडायचा.

दिवसभर बसायचं असं मुलांच्या बाबतीत धरून चालू नये. सकाळच्या सत्रात तिला पुढे नेऊन तंबोरा दाखवते, चार तारा मोजायला लावते. मग बाराच्या सुमाराला कडेला, दाराजवळ, जुन्या लुगड्याची घडी अंथरून तिला निजवते. ती तंबोऱ्याच्या आवाजात गाढ झोपते आणि तेवढ्यात माझं दुपारचं गाणं नीट ऐकून होतं. चार वाजता ती उठली की आम्ही बाहेर पडतो. संध्याकाळच्या मोठ्या कलाकारासाठी तिला ताटकळत ठेवत नाही.

निपाणी

वय सत्तरच्या पुढं. मांडी घालून तासन् तास बसणं होत नाही, म्हणून भिंत किंवा खांब बघून जागा धरतो आणि गुडघ्याखाली लहान उशी घेतो. बीपीबरोबर लघवीची गोळी चालू असणाऱ्यांनी उन्हाळ्यात दिवसभर बाहेर बसण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं, आपल्या मनाने गोळी सोडू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात राहणार नाही याची सोय करावी. खोकल्याला खडीसाखर खिशात.

शहापूर

मी तबला वाजवतो, त्यामुळे माझी तयारी स्वतःपेक्षा वाद्याची जास्त.

तबल्याचं पान कातड्याचं. कोरड्या उन्हात ते ताणतं आणि स्वर चढतो. मग चारच्या पुढे ढग आले, वळवाचं वारं सुटलं, हवेत ओल आली की तेच पान सैल पडून स्वर उतरतो. डग्गा तर आणखी लवकर बसतो. बेळगावच्या उन्हाळ्यात हे दोन्ही एकाच दिवशी घडू शकतं, म्हणून दिवसभराच्या सभेला मी एका तबल्यावर जात नाही. पुरुष गायकाला काळी एक-दोनचा (पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या स्वराचा), गायिकेला काळी चार-पाचचा, आणि दोन्हीला एकेक जादा. हातोडी, पावडर, सुकं फडकं हाताशी. उन्हातल्या बंद गाडीच्या डिकीत तबला कधीही ठेवू नये. पान ताणून धरणारी वादी सुकते, पानावरच्या काळ्या शाईला तडे जातात, आणि शाई एकदा सुटायला लागली की पान बदलण्यावाचून इलाज नाही.

संयोजकांना कळकळीची विनंती, की मंचावरच्या पंख्याचा झोत थेट वाद्यांवर सोडू नका. तंबोरे गाडीतून काढून लगेच लावायला घेऊ नयेत. ते तासभर आधी मंचावर आणून ठेवले, तिथल्या हवेला रुळू दिले, की लावलेला स्वर टिकतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आपल्यालाही झाला. मग त्या भोपळ्यांना सभेत आणल्यावर सावलीत ठेवणं एवढं तरी आपण करायलाच हवं.

श्रोत्यांसाठी एक. दोन कलाकारांच्या मध्ये वाद्यं लावायला वेळ लागतो, तेव्हा मोठ्याने गप्पा मारू नका. आम्ही त्या वेळी कानाने काम करत असतो.

हुक्केरी तालुका

आमच्या गावात सभेचं काम आम्ही पोरंच करतो. पत्र्याचा मंडप स्वस्त पडतोय, पण दुपारी खाली भट्टी होतीय. आणि वळीव आला की पत्र्यावर असा ताशा वाजतोय की गाणंच ऐकू येत नाही. आम्ही आता कापडी मंडप घालतो, पश्चिमेच्या अंगाला ओलं गोणपाट बांधतो आणि त्यावर दोन-दोन तासांनी पाणी मारतो. जनरेटर लांब ठेवायचा, वारा मंचाकडून ज्या अंगाला वाहतोय त्या अंगाला, नाहीतर धूर आणि आवाज दोन्ही मंचावर येतात. वायरी आणि बोर्ड जमिनीवर ठेवायचे नाहीत. मिक्सरवर टाकायला ताडपत्री सकाळीच काढून ठेवायची, वारा सुटल्यावर हुडकत बसायचं नाही.

विजा कडाडायला लागल्या की गाणं थांबवायचं आणि लोकांना शाळेच्या नाहीतर देवळाच्या पक्क्या इमारतीत न्यायचं. झाडाखाली कुणाला उभं राहू द्यायचं नाही. गवई कितीही रंगात असू दे, यात ऐकून घ्यायचं नाही.

उन्हानं कुणी बरळायला लागलं, अंग तापलंय, तर ते उष्माघाताचं लक्षण. आधी १०८ ला फोन. तोवर सावलीत निजवून अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. हे आम्ही प्रत्येक पोराकडनं पाठ करून घेतो.

आणखी एक सांगतो. आमच्या मंडपात मराठी-कन्नड दोन्ही माणसं असतात. पाण्याच्या माठाजवळचा फलक दोन्ही भाषांत लिहितो. ताक वाटताना कुणी ‘मज्जिगे’ मागतंय, कुणी ताक, गाणं सगळे एकाच सतरंजीवर बसून ऐकतात.

अथणी, सध्या धारवाडला शिकते

खाण्यापिण्याचं वर सगळं आलंय, म्हणून मी कानाच्या तयारीबद्दल लिहिते. सभेच्या आधीचा आठवडा मी फक्त दिवसाचे राग ऐकते. सुरुवात वृंदावनी सारंगापासून करावी, कारण तो ओळखायला सोपा आहे. गंधार (ग) आणि धैवत (ध) नाहीतच, चढताना शुद्ध निषाद (नी), उतरताना कोमल, म्हणजे जरा उतरलेला. एवढं कानात बसलं की दुपारी मंडपात बसल्यावर गायक त्या कोमल निषादावरून पंचमावर (प) कसा येतो, तिथे लक्ष आपोआप जातं.

त्यानंतर तोडी आणि मुलतानी जोडीने ऐकते. दोन्हींत रिषभ (रे), गंधार, धैवत कोमल आणि मध्यम (म) तीव्र, म्हणजे चढा. सूर तेच, पण तोडी सकाळची आणि मुलतानी दिवस कलतानाचा. मुलतानीत चढताना रिषभ-धैवत वगळतात, पंचमावर मुक्काम करतात, आणि तेवढ्याने सगळी मनःस्थिती पालटते. हे पुस्तकात वाचून मला कधी पटलं नव्हतं. एकाच दिवशी, एकाच जागी बसून सकाळी एक आणि दुपारी दुसरा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. टिळकवाडीच्या ताईंचं म्हणणं म्हणूनच मला शंभर टक्के मान्य आहे. दुपारी उठून जाणारा माणूस या जोडीतला अर्धा भाग गमावतो.

आपण ज्या मातीतले आहोत तिथल्या माणसांची गाणी तरी दुपारी उठून न जाता ऐकावीत असं मला वाटतं. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे, गंगूबाई हनगल धारवाडच्या, भीमसेनजी गदगकडचे, सवाई गंधर्व कुंदगोळचे. एवढं सगळं गाणं आपल्या पंचक्रोशीत झालं.

वडगाव, बेळगाव

वरच्या यादीत कुमार गंधर्व राहिले! ते तर आपल्या सुळेभावीचे, जन्म ८ एप्रिल १९२४. मिरजेला रेल्वेने जाताना सुळेभावी स्टेशन येतं, तेव्हा मी मुलांना ते दाखवतोच.

मिरजेला जायचं निमित्त म्हणजे दर्ग्याचा उरूस आणि त्यातली किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी संगीत सभा. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर त्याच आवारात आहे. उरूस चांद्र तिथीने येतो, त्यामुळे तो दरवर्षी थोडा मागे सरकतो आणि काही वर्षं ऐन उन्हाळ्यात पडतो. तिथलं गाणं रात्री उशिरापर्यंत चालतं, म्हणून तयारी उलटी करावी लागते. दुपारी घरीच झोप काढून चारनंतर निघायचं, अंथरायला जाड चादर घ्यायची, आणि पहाटेच्या परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवायची. घरच्या बायकांना सांगून ठेवतो, की राज्याबाहेर झिरो तिकीट चालत नाही, म्हणून रेल्वेच बरी.

टिळकवाडी

सगळ्यांचे आभार. शहापूरच्या दादांचं वाद्यं लावतानाच्या शांततेचं म्हणणं मी आमच्या कट्ट्यावर वाचून दाखवणार आहे.

जेवायला बाहेर जावं की जागेवरच खावं, असं एकीने विचारलंय. गाणं चालू असताना मंडपात खाऊ नये, ते गवयाला समोरून दिसतं. दोन कलाकारांच्या मधल्या वेळात मागे जाऊन पंधरा मिनिटांत आटोपायचं, हात धुऊन जागेवर यायचं. त्यासाठीच डबा लहान आणि एकाच पदार्थाचा असावा. आणि जागा सोडताना शेजारणीला सांगून जावं, ती धरून ठेवते. पुढच्या वेळी आपण तिची धरायची.