पोटात फुगा (गॅस्ट्रिक बलून) बसवलेलं कोणी आहे का इथे?

चष्मिष:
नमस्कार मंडळी. वय ४१, उंची १६० सेमी, वजन ९६, म्हणजे बीएमआय साडेसदतीस. डाएट, जिम, परत डाएट सगळं करून झालं, वजन उतरतं आणि व्याजासकट परत येतं. ऑपरेशनला मी जाम घाबरते, कापाकापी नकोच. परवा डॉक्टरांनी फुग्याचं सुचवलं, तोंडातून आत घालतात, सहा महिन्यांनी काढतात, त्याच दिवशी घरी. इतकं सोप्पं वाटलं की त्यामुळेच शंका आली. खरंच काही त्रास नाही का? आणि काढल्यावर परत वाढतं का? गुडघ्यांनी पार वाट लावलीय, रोज गोळी घेते तेव्हा कुठे जिना चढवतो, त्यामुळे काहीतरी करायचंच आहे.

निवांत:
मी बसवला होता, दोन वर्षं झाली. बसवणं खरंच काही नाही हो, हलकी भूल देऊन आधी दुर्बिणीने पोट बघितलं, मग सिलिकॉनचा रिकामा फुगा आत सरकवून नळीने सलाईन भरलं, माझ्यात ५५० मिली, अर्धा तास पण नाही लागला. खरा खेळ रात्री सुरू झाला. पोटाला वाटतं हे काय भलतंच आलंय आणि ते बाहेर ढकलायला बघतं. तीन दिवस उलट्या, मधूनच पीळ पडून कळा, पहाटे तीनला नवरा बादली धरून उभा आणि मी त्याला सांगतेय की आत्ताच्या आत्ता फोन कर आणि काढायला लाव. पाणीसुद्धा चमच्याने. आणि मला आधी काय सांगितलं होतं, तर "थोडी मळमळ होईल". थोडी!!
चौथ्या दिवशी आपोआप शांत झालं. मग आठवडाभर पातळ, नंतर मिक्सरमधून काढलेलं, मग हळूहळू नेहमीचं. घाईत दोन घास जास्त गेले की लगेच बाहेर. एकूण ११ किलो गेले, पण त्यातले ८ पहिल्या तीन महिन्यांत, पुढे पोट सरावतं आणि भूक परत डोकं वर काढते. काढल्यावर वर्षभरात ५ परत आले, खोटं कशाला बोलू.
अजून एक, सलाईनमध्ये निळा रंग घालतात, फुगा गळला तर लघवी निळी-हिरवी होते म्हणजे लगेच कळावं. सहा महिने रोज सकाळी उठल्या उठल्या मी आधी कमोडमध्ये वाकून बघायचे :)

वाटसरू:
दुर्बीण पण नको असेल तर गिळायचा फुगा आहे, अल्युरियन. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची, तिला बारीक नळी असते, एक्सरेत जागा बघून पाणी भरतात आणि नळी ओढून काढतात. साधारण १६ आठवड्यांनी झडप उघडते, फुगा रिकामा होतो आणि संडासवाटे निघून जातो. मला ऐकूनच कसंतरी झालं पण माझ्या भावाला कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. पहिल्या दिवसांच्या उलट्या मात्र यातही चुकत नाहीत.

स्टेथो:
चष्मिषताई, सगळे फुग्यावर बोलतायत, तुमच्या गुडघ्याच्या गोळीबद्दल कोणीच विचारलं नाही. कुठली आहे ती? आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची असेल तर फुगा आत असताना चालत नाही, अल्सर होऊ शकतो, क्वचित पोटाला भोकही पडलंय. फुगा असेपर्यंत रोज पित्ताची गोळी देतात ती त्याचसाठी. पोटाचं आधी ऑपरेशन झालेलं असेल, मोठा हायटस हर्निया (म्हणजे पोटाचा भाग वर छातीत सरकलेला) असेल, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील किंवा दिवस गेले असतील तरी बसवत नाहीत. आणि मुदत संपल्यावर "अजून महिनाभर राहू दे" असं करू नका, फुगा फुसका होऊन आतड्यात अडकला तर ज्या ऑपरेशनला घाबरताय तेच करावं लागेल.
बाकी फार मोठ्या आशेवर राहू नका. अमेरिकेत २०१५ साली ऑर्बेरा नावाच्या अशा फुग्याला परवानगी मिळाली ती बीएमआय ३० ते ४० साठी, आणि सोबत आहार-व्यायाम पाहिजेच. सहा महिन्यांत वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास धरा, म्हणजे तुमचे नऊ-दहा किलो. गुडघ्यांना तेवढंही पुष्कळ आहे म्हणा.

निवांत:
स्टेथो +१. मला ती यादी छापील दिली होती आणि मी न वाचताच सही केली होती.

चष्मिष:
आत्ता उठून पाकीट उलटं करून बघितलं, डायक्लोफेनॅकच निघाली. चार वर्षं घेतेय. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही, मला वाटलं गुडघ्याच्या गोळीचा पोटाशी काय संबंध. सोमवारी पाकीटच घेऊन जाते. निवांतताई, बादली आधीच आणून ठेवली होती की आयत्या वेळी धावपळ?

निवांत:
धावपळ. उशाशी ठेवा, बाथरूमपर्यंत पोचणं होत नाही.