शब्दचर्चा: ‘गुस्तार’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (लातूर): स्पॅनिश शिकायलोय, पुस्तक इंग्रजीतलं आहे. ‘गुस्तार’ म्हणजे ‘आवडणे’ असं दिलंय, पण ‘यो गुस्तो एल काफे’ लिहिलं की चूक निघते. क्रियापद ‘मी’प्रमाणं न बदलता कॉफीप्रमाणं का बदलतं?

उत्तर (परभणी): आधी इंग्रजीचं बोट सोडा. आपण ‘मी कॉफी आवडतो’ म्हणतो का? मला कॉफी आवडते, मला पेरू आवडतात. स्पॅनिशचंही तसंच: ‘मे गुस्ता एल काफे’, पण ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ (मला पुस्तकं आवडतात). ‘मे’ म्हणजे ‘मला’. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे फार जड जातं, कारण वाक्यातलं पहिलं नाम किंवा सर्वनाम त्यांना कर्ता वाटतं. बिल व्हॅनपॅटन या अभ्यासकाने ही सवय सविस्तर मांडली आहे. ‘लो बे मारिया’ ऐकलं की ते ‘तो मारियाला पाहतो’ असं समजतात. खरा अर्थ ‘त्याला मारिया पाहते’ असा आहे. आपला कान ‘मला, त्याला’वर तयार झालेला आहे, तो वापरा.

अडचण पुढं येते. ‘आनाला चहा आवडतो’ यात आपलं एका ‘ला’वर भागतं. स्पॅनिशला ‘आ आना ले गुस्ता एल ते’ असं दोनदा सांगावं लागतं: ‘आ आना’ म्हणजे ‘आनाला’, आणि वर ‘ले’ म्हणजे ‘तिला’. हा ‘ले’ आपल्याकडून हमखास गळतो.

लातूर: म्हणजे ‘आ’ हाच आपला ‘ला’?

परभणी: बऱ्याच ठिकाणी. ‘घर बघायलोय’ला ‘बेओ ला कासा’, ‘मारियाला बघायलोय’ला ‘बेओ आ मारिया’. (कासाआधीचा ‘ला’ वेगळा, तो स्त्रीलिंगी नामाचा.) याहून सुंदर जोडी बघा: ‘डॉक्टर शोधायलोय’ म्हणजे कोणीही चालेल, ‘बुस्को उन मेदिको’. ‘एका डॉक्टरला शोधायलोय’ म्हणजे ठरावीक माणूस, ‘बुस्को आ उन मेदिको’. इतका बारीक फरक आपण शाळेत न शिकता पाळतो!

नांदेडहून भर: ‘किएरो के बेंगास’ला ‘तू यावंस अशी इच्छा आहे’ हे छान बसतं. पण ‘क्वांदो बेंगास’ म्हणजे ‘तू येशील तेव्हा’. इथं मराठीत ‘यावंस’ येत नाही, स्पॅनिशमध्ये मात्र रूप तेच. अशी वाक्यं वेगळी घोकावीत. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ला तर मराठीचा आधारच नाही, दोन्हीला आपलं ‘आहे’. सफरचंद ‘एस बेर्दे’ (‘सेर’चं रूप) म्हणजे हिरव्या रंगाचं, ‘एस्ता बेर्दे’ (‘एस्तार’चं) म्हणजे अजून कच्चं.