देशाची सरासरी आणि यावलची विहीर

गिरणाकाठ
"देशात भूजलाचा उपसा साठ टक्के आहे, चाळीस टक्के पाणी शिल्लक आहे, मग टंचाईची भीती कशाला?" असे काल येथे एका सदस्याने लिहिले, ते मला सहन झाले नाही. 2024 च्या मूल्यांकनात हे प्रमाण 60.47 टक्के आहे, हे खरे. परंतु त्याच सरासरीत शंभर टक्क्यांच्या पुढे गेलेले, म्हणजे वर्षभरात मुरते त्याहून अधिक उपसणारे पंजाब व राजस्थान आहेत आणि जेमतेम उपसा असलेली ईशान्येची राज्येही आहेत. आसामात उरलेले पाणी जळगाव जिल्ह्यातल्या यावलच्या विहिरीत उतरत नाही.

निवृत्त अभियंता, धुळे
देशाचा हिशेब मांडल्यावाचून नियोजन कशाच्या आधारे करणार? दरडोई वार्षिक पाणी 2001 मध्ये 1816 घनमीटर होते, 2011 मध्ये 1545 झाले, 2031 साठी 1367 चा अंदाज आहे. 1700 च्या खाली ताण, 1000 च्या खाली टंचाई, ही मोजपट्टी जगभर मानली जाते. हा उतार विहिरीत डोकावून दिसला नसता.

गिरणाकाठ
साहेब, तो उतार लोकसंख्येचा आहे. 2019 च्या फेरमूल्यांकनाने देशाचे वार्षिक पाणी 1869 वरून 1999 अब्ज घनमीटर केले, तरी दरडोई आकडा खालीच गेला. जमिनीखाली काय घडते आहे, ते यातून कळत नाही.

केळीबाग, सावदा
पाण्याचा विषय निघाला, की बोट केळीकडेच जाणार, म्हणून आधीच लिहितो. वडिलांच्या विहिरीवर मोट चालत असे. मी त्याच शेतात तीन बोअर घेतले, त्यांतले दोन आटले. ठिबक बसवले, कर्ज फेडले, आणि शहरातले लोक अजूनही आम्हालाच पाणीचोर म्हणतात.

पांझराकाठ
चोर कोणी म्हटले नाही, भाऊ. परंतु ठिबकने वाचलेल्या पाण्यावर तुम्ही बाग वाढवली की नाही, ते सांगा. आमच्याकडे फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याच्या जुन्या रीतीत, नदीचे पाणी पाहूनच त्या वर्षी कोणते फड (शेतांचे गट) भिजवायचे आणि कोणते पडीक ठेवायचे हे ठरत असे, आणि तो निर्णय सर्वांना बांधील असे. भविष्याचा अंदाज याहून वेगळा काय असतो?

केळीबाग, सावदा
दोन एकर वाढवली. मुलीचे शिक्षण फडातून झाले नसते. तुमचा बंधारा नदीकाठच्या मोजक्या शेतांना पुरत होता. बाकी गाव तेव्हाही कोरडेच होते, हे आपण सोयीने विसरता!

निवृत्त अभियंता, धुळे
शब्द जपून वापरावेत. फडाची शिस्त मला मान्य आहे, परंतु वाहते पाणी डोळ्यांना दिसते, भूजल दिसत नाही. साक्रीच्या काळ्या पाषाणातली विहीर भाद्रपदात तुडुंब असते आणि माघात तळ दाखवते, कारण खडकात साठवणच थोडी. सातपुड्याच्या पायथ्याच्या जाड गाळात मात्र पातळी वर्षानुवर्षे खचत राहते आणि खोल बोअर ते झाकून ठेवतो. उपशाचे प्रमाण दोन्हीकडे सारखे निघाले, तरी भवितव्य सारखे नाही. टक्केवारी वर्षाच्या पुनर्भरणाशी काढतात, साठ्याशी नाही. एवढ्यापुरते गिरणाकाठ यांचे म्हणणे मी मान्य करतो. देशाचा आकडा निरुपयोगी आहे, हे मान्य नाही.

गिरणाकाठ
निरुपयोगी मी म्हटलेच नव्हते. खोऱ्याखोऱ्याने पातळीच्या नोंदी आणि बोअरवर मीटर, एवढेच मागतो.

केळीबाग, सावदा
मीटर बसवून घेईन. मात्र शेजारच्या बोअरलाही त्याच दिवशी बसले पाहिजे.